ताम्हनातली नाणी

सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये खरोखर कुलूपबंद अशी जागा एकच, देवघराखालचा ड्रॉवर. कपाटाची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असते, म्हणजे ती सगळ्यांचीच. ड्रॉवरची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. पूजा त्याच करतात. देवाजवळच्या वस्तूला घरात कुणी हात लावत नाही, म्हणून टांकसाळीतून मागवलेली नाणी मी त्यांच्याकडे देऊन तिथे ठेवत गेले. त्या न विचारता ठेवून घेत.

इंग्रजांच्या काळापासून चालू असलेली ही सरकारी टांकसाळ. कुणाच्या तरी स्मरणार्थ चांदीचं नाणं काढते. आधी बुकिंग करायचं, मग कधीतरी पार्सल येतं. नाणं जाड, पारदर्शक डबीत सीलबंद. पृष्ठभाग आरशासारखा, बोट लागलं तरी ठसा उमटतो. सील शाबूत असेल तर हौशी लोक चांदीच्या भावाच्या कितीतरी वर देतात. ब्लाउज शिवून उरेल त्यातून मी एकेक घेत होते. एकदा सोन्याचंही घेतलं, अगदी लहान.

मला नाण्यांचं वेड नाही. मला गाळा हवा होता. माझं शिलाई मशीन स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधल्या बोळात आहे. कुणाला बाथरूमला जायचं झालं की मी उठायचं, स्टूल आत ओढायचं, तो बाहेर आला की पुन्हा तेच. मापं द्यायला आलेल्या बायका फ्रीजला टेकून हात वर करतात. मागच्या गल्लीत एक गाळा भाड्याने निघाला होता. मालक दिवाळीनंतर डिपॉझिट घ्यायला तयार झाला, आणि पुण्यातल्या एका संग्राहकाने फोटो पाहून सगळी नाणी घेतो म्हणून सांगितलं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी शेवटचे ब्लाउज पोहोचवून घरी आले. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. समोर ताम्हन, ताम्हनात पंचामृत, पंचामृतात माझी नाणी. त्याआधी चिंच आणि रांगोळीने घासून झाली होती.

"आई, हे काय केलंत?"

"लक्ष्मीला कुणी असं प्लास्टिकात कोंडतं व्हय? जीव गुदमरला असंल तिचा. डबी उघडता उघडंना, मग तुझी कात्री घेतली बघ."

कापडाची कात्री. नाण्यांआधी मला कात्रीचाच राग आला.

"ती विकायची होती मला."

"पुजलेली लक्ष्मी विकत्यात? आन् नवऱ्याला ठाऊक हाय का तुझ्या?"

नवरा गॅलरीत दिव्यांची माळ बांधत होता. तिथूनच म्हणाला, "आता पुजलीत ना? राहू दे की. घरातच तर आहेत."

भाऊबीजेला सासूबाई शेवगावला भावाकडे गेल्या. नाणी अजून चौरंगावर मांडलेलीच होती. मी फोटो काढून पुण्याला पाठवले. उत्तर लगेच आलं, "मॅडम, हे आता फक्त वजनावर जाईल. मला उपयोग नाही." मी नाणी पर्समध्ये टाकली आणि स्कूटरवरून शहराच्या जुन्या बाजारात आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेले.

त्याने एक नाणं उचलून अक्षरांत अडकलेलं कुंकू नखाने उकरलं. "वहिनी, पूजेतली दिसतात. आजींना विचारलंय ना?"

"नाणी माझी आहेत."

"असतील हो. पण आजी गुंजभर सोन्याला का होईना, दर पाडव्याला येतात. मला त्यांना तोंड दाखवायचंय. त्यांना घेऊन या, लगेच घेतो."

दोन दुकानं सोडून तिसऱ्याने काही विचारलं नाही. वजन केलं आणि मोडीचा भाव सांगितला. चांदी आणि ते इवलंसं सोनं धरूनही डिपॉझिट भागत नव्हतं. त्या भावात मी नाणी दिली नाहीत. गाळा मिळत नसेल तर मोडायची कशाला?

घरी आले तर सासूबाई परत आलेल्या, रिकाम्या चौरंगासमोर बसलेल्या.

"फिरवून आणलीस लक्ष्मीला?"

"हो."

"कुणी घेतली न्हाई?"

मी पर्सची चेन उघडली. त्यांनी हात पुढे केला. नाणी मोजली नाहीत, तशीच ड्रॉवरमध्ये ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. म्हणाल्या, "लई दमलीस. चहा टाक, मलाबी दे."

त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. रिळं आणायला जाताना तो वाटेतच लागतो. कात्रीला धार लावून आणली, पण मधे एके ठिकाणी ती अजून कापड चावते.

परवा टांकसाळीच्या नव्या नाण्याचं बुकिंग सुरू झालं. मशीनवर बसूनच मी मोबाईलवर नाव भरलं आणि पत्त्यापाशी थांबले. घरी मागवलं तर ठेवणार कुठे? ड्रॉवर सोडून एकेक जागा आठवून पाहिली. पिठाचा डबा, माळा, मशीनचा खण. प्रत्येक ठिकाणी कुणाचा ना कुणाचा हात जातोच.

"अगं, ऊठ की जरा," नवरा मागे टॉवेल घेऊन उभा होता.

मी मोबाईल बाजूला ठेवला, उठले आणि स्टूल आत ओढलं.