मशीनवरचं कव्हर

खडखड, खडखड, मग टिंग! लातूर नवा जिल्हा झाला त्या वेळचा आमच्या टायपिंग क्लासमधला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी तिथं मशीन पुसायचो, रिबन बदलायचो. शिक्षण चौथीपर्यंत. पण एका जागी इतकी वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात, मशीनखालच्या धुळीसारखे.

क्लासचे सर कधी शाबास म्हणायचे नाहीत. चुकलेल्या अक्षराला लाल पेन्सिलीचा गोल. बिनचूक पान आलं की काही न बोलता मशीनवर कव्हर घालायचे आणि निघून जायचे. तेच बक्षीस.

* * *

चाकूरची सुमन आली. लहानपणी दुष्काळी कामावर आईबरोबर खडी फोडलेली, बोटं जाड आणि कडक. नव्या जिल्ह्यात ऑफिसं निघत होती, तिला नोकरी हवी होती. पहिल्याच दिवशी तिच्या एका बोटाखाली तीन बटणं दाबली गेली.

सर म्हणाले, "बाई, हळू. ही खडी न्हाई."

सगळे हसले. तिच्या पानावर अक्षरांपेक्षा गोलच जास्त!

* * *

दोन महिन्यांनी तिची आई घाबरून आली. पोरगी विहारात वंदनेला बसली तरी मांडीवर बोटं नाचतात, झटके तर येत नसतील?

मी म्हणालो, "मावशी, ती वंदनाच टाईप करायलीय."

* * *

एकदा चहा पिताना मी सुमनला विचारलं, 'ळ' कुठं असतो गं? तिला सांगता येईना. मग तिनं डोळे मिटले, हवेत एक बोट हललं. "काका, हितं."

मी हादरलोच. तिला सांगता येत नाही ते बोटाला कसं ठाऊक?

त्याच आठवड्यात सरांनी तिच्या मशीनवर कव्हर घातलं. पुढं तिला नांदेडला नोकरी लागली.

* * *

मग तो दिवस. शिकवता शिकवता सरांचा उजवा हात धपकन बटणांवर पडला. अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकल्या. मला वाटलं, सर गंमत करतात. तो लकवा होता. त्यांना दवाखान्यात नेलं, अन् मी दांड्या सोडवत बसलो. दुसरं काही सुचेना.

डॉक्टर म्हणाले, डोक्यातली हात हलवणारी जागा मेली आहे. पण तीच हालचाल रोज शेकडो वेळा केली, तर शेजारची जागा ते काम शिकू शकते.

सर मला म्हणाले, "मशीन विकून टाक."

* * *

सुमन नांदेडहून दर रविवारी बसनं येऊ लागली. सरांचं एकेक बोट धरून बटणावर ठेवायची. एकदा ते चिडले, बोट जोरात आपटलं.

ती म्हणाली, "सर, हळू. ही खडी न्हाई."

महिनोन् महिने पानभर गोल. सरांनी डोळ्यांनी विनवलं, तरी तिनं एकही चूक सोडली नाही. मलाच बघवायचं नाही.

एका रविवारी सरांनी एकट्यानं पान संपवलं. शेवटची टिंग झाली. सुमननं पान काढून खिडकीपाशी नेलं. वाचलं. बोट फिरवत पुन्हा वाचलं. लाल पेन्सिल पर्समध्ये ठेवली.

मग तिनं मशीनवर कव्हर घातलं, आणि काही न बोलता निघून गेली.