मुलाकडची माणसं

"आधी मुलाच्या घरची माणसं बघेन, मगच हो म्हणेन," असं मी अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला उतरल्या उतरल्या लेकीला बजावलं. मुलगा अमेरिकन. त्याच्या आईबापांचं विचारलं की ही म्हणे, "आई, तोच सांगेल ना तुला." कुठंतरी पाणी मुरतंय, हे न कळायला मी काय दूधखुळी आहे?

रविवारी त्याने गाडी काढली. मी विहिणीसाठी पर्समध्ये खण आणि नारळ टाकला. संशय असला म्हणून काय रिकाम्या हाताने जायचं? तासाभराने गाडी थांबली ती एका चर्चच्या आवारात. जिकडे बघावं तिकडे कबरी!

"अगं बाई, सोयरीक जुळवायला स्मशानात आणलंय का?" मी लेकीला चिमटा काढला.

पुढे एक दगडी कबर होती. चार खांबांवर कोरीव छत, खाली दगडाचे नवरा-बायको शेजारी शेजारी निजलेले. नाकं झिजलेली, तिच्या पायाशी कुत्रा. कुणा श्रीमंताने म्हणे इंग्लंडातून दगड न् दगड सोडवून बोटीने आणली, कैक शतकं जुनी आहे. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या छत्र्या असतात, पण त्या जागच्या जागी. दुसऱ्यांचे पूर्वज उचलून आणणारी ही माणसं! आता हा सांगणार, हेच आमचे खापरपणजोबा. नाहीतर पहिली बायको निघणार कुठूनतरी.

"काहीतरी लपवतोय हा," मी म्हणाले.

"आई, प्लीज यार! जस्ट वेट."

तो छताला वळसा घालून मागे गेला आणि गुडघ्यांवर बसला. गवतात एक छोटा दगड होता, त्यावर दोन बायकांची नावं. त्याने वरची पानं हाताने झाडली.

"काकू," लेकीने शिकवलेल्या मराठीत तो अडखळत म्हणाला, "ही माझी आई. ही आजी. बाकी कोणी नाही." मग इंग्रजीत सांगितलं, आई तो लहान असतानाच गेली. आजी त्याला इथे घेऊन यायची. पाऊस आला की दोघं त्या दगडी छताखाली थांबायची. "तुम्हाला घरची माणसं बघायची होती, म्हणून आणलं."

जळली मेली माझी जीभ! मला रडूच फुटलं.

चपला काढल्या. खण दगडावर पसरला, वर नारळ ठेवला.

"विहीणबाई," मी म्हणाले, "पोर तुमच्या पदरात घालतेय. जरा तापट आहे, माझ्यावर गेलीय. सांभाळून घ्या."