नैवेद्याआधीची गोळी

मी औषधशास्त्र शिकवते. अकोल्याच्या एका फार्मसी कॉलेजात दर वर्षी पावसाळ्याच्या आसपास मेंदूच्या पेशींचा धडा येतो, आणि मुलांना नेमकी तेव्हाच झोप येते. म्हणून मी फळ्यावर आधी भिंत काढते आणि तिला दारं. पेशीच्या आवरणातल्या या दारांना पुस्तकात आयन चॅनेल म्हणतात. सोडियमचं दार उघडलं की बाहेरचं सोडियम आत घुसतं, पेशी चेतते आणि निरोप पुढे निघतो. मग ते दार आपोआप मिटतं आणि क्षणभर कितीही ढकललं तरी उघडत नाही. आपलं शहाणपण या क्षणभराच्या हट्टावर उभं आहे, असं मी सांगते. मुलं ते लिहून घेतात, कारण परीक्षेत येईल असं त्यांना वाटतं.

निरोप जिथे पोचतो तिथे रिसेप्टर असतात. काही पुढच्या पेशीला उठवतात, काही तिला गप्प बसवतात, आणि या दोघांच्या ओढाताणीत आपला दिवस पार पडतो. कधी गप्प बसवणारे कमी पडतात, दारं उघडतच राहतात, हजारो पेशी एका सुरात ओरडायला लागतात आणि माणूस जमिनीवर पडतो. याला वर्गात मी अपस्मार म्हणते. घरी त्याला फिट म्हणतात.

मला पहिली फिट आली ती मोर्शीला, बारावीत असताना. शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी फोडलेला कांदा होता, मुठीत कुणीतरी किल्ली कोंबली होती आणि अर्धी आळी दारात उभी होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. ती नेमकं काय करते हे मला कुणी धड सांगेना, म्हणून मी फार्मसीला गेले. सूड म्हणा हवं तर. गोळीचं काम निघालं साधंच. मिटलेलं दार ती थोडं जास्त वेळ धरून ठेवते. जी पेशी नीट वागते तिला गोळीचा पत्ताही लागत नाही. जी उतावीळ होऊन पुन्हा पुन्हा दार उघडू पाहते, तिलाच ती अडवते. इतका न्याय मी कुठल्या कचेरीत पाहिला नाही. तिची अट एकच, रोज वेळेवर घ्यायची.

लग्न होऊन अकोल्याला आले. नवऱ्याला सगळं आधीच सांगितलं होतं. त्यानं ते स्वतःपाशी ठेवलं आणि आईला सांगितलं की कॅल्शियमची गोळी आहे. "तिले कायले टेन्शन द्यायचं?" हे त्याचं म्हणणं. माझ्या माहेरच्यांनाही ते पटलं. त्यामुळे गोळ्या कॅल्शियमच्या डबीत गेल्या आणि घरात शांतता राहिली. मला त्यात फार काही वावगं वाटलं नाही. सोय होती, मी ती वापरली.

अडचण यायची महालक्ष्म्यांच्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींच्या, जेवणाच्या दिवशी. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक करणारी बाई पहाटे न्हाऊन सोवळ्यात शिरते, ती संध्याकाळी नैवेद्य दाखवेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, वडे, आणि चाखून पाहायचं नाही. सासूबाईंचं सोवळं कडक. मी पहाटे न्हाणीघरात आधी गोळी गिळायचे आणि मग अंगावर पाणी घ्यायचे. आंघोळीआधी पोटात गेलेलं सोवळ्यात मोजत नाहीत, असा नियम मी माझ्यापुरता करून टाकला होता. वर्षांमागून वर्षं तो चालला.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या मेंदूत बारीकशी गुठळी झाली. त्यातून त्या सावरल्या, पण पुढे महिन्याभरानं ओसरीवर बसल्या बसल्या त्यांना फिट आली. शेजारीण चप्पल घेऊन धावली. मी चप्पल बाजूला केली, सासूबाईंना कुशीवर वळवलं आणि थांबले. डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर माझ्याच गोळीचं नाव होतं. ते वाचून नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं.

गोळ्या त्या नेमानं घ्यायच्या. महालक्ष्म्या आल्या आणि गाडी अडली. जेवणाच्या दिवशी पहाटे त्या न्हाऊन, ओलेत्यानं स्वयंपाकघरात उभ्या होत्या. मी गोळी आणि तांब्या घेऊन समोर गेले.

"आज नाही," त्या म्हणाल्या. "निवद झाल्यावर घेईन."

"आई, संध्याकाळपर्यंत नाही थांबता येत. औषध रक्तातून कमी होते. उपास, जागरण, त्यात ही धावपळ, पुन्हा पडसान."

"येका दिवसानं काय होते?"

मी त्यांना दारांचं सांगितलं. भिंतीवर बोटानं पेशी काढून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वर्गातल्या मुलांपेक्षा बरं ऐकत होत्या.

"समजलं," त्या म्हणाल्या. "पन महालक्ष्म्याच्या आधी मी तोंडात काई घालत नाही. मरन आलं तरी चालते."

त्यांना ते खरंच चालणार होतं, हे मला दिसत होतं. माझी सगळी विद्या तिथे संपली. मी आत गेले, कॅल्शियमची डबी आणली, झाकण काढून त्यांच्यापुढे धरली. तळहातावर त्यांच्या गोळीशेजारी माझी ठेवली. दोन्ही सारख्याच, पांढऱ्या.

"हे कॅल्शियम नाही, आई. मले बी फिट येते. लग्नाच्या आधीपासून. दर महालक्ष्मीले पहाटे गोळी घेऊनच मी तुमच्या सैपाकाले लागते. आतापर्यंत काई कोप झाला नाही."

त्या माझ्या तळहाताकडे पाहत राहिल्या. आता सोवळ्याचा विषय निघणार, इतक्या वर्षांचे नैवेद्य बाटवले म्हणणार, कदाचित मला या घरात पुन्हा चुलीला शिवू देणार नाहीत, अशी मी मनाची तयारी करून उभी होते. बाहेरच्या खोलीत नवरा मखराला फुलं बांधत होता. तिथली खुडबूडही थांबली.

सासूबाईंनी त्यांची गोळी उचलली, तोंडात टाकली आणि मी आणलेल्या तांब्यातलं पाणी प्यायल्या.

"दरसाली मी तुले वड्याच्या कढईपाशी येकटी बसवून महालक्ष्म्याइची पूजा मांडायले जात होती," त्या म्हणाल्या. "उकळत्या तेलापाशी. काहून नाही सांगतलं मले?"

मी डबीला झाकण लावलं. मला फार वाईट वाटलं.

त्यांनी मुलाला हाक मारली. आंघोळ करून सोवळं नेसायला सांगितलं. कढईपाशी आज तोच बसणार होता. तो काहीतरी बोलायला गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुनं लपवलं ना, मंग तूच तळ."

त्यानं तळले. वडे वेडेवाकडे झाले, काही करपलेही, आणि ते तसेच नैवेद्याच्या ताटात गेले. आम्ही दोघी गॅसपासून लांब, भिंतीशी पाट टाकून भाज्या चिरत होतो. मग मुलाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पडायच्या आधी भेव वाटते का तुले बी?"

"हो," मी म्हटलं. इतक्या वर्षांत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.