आक्कानं न मारलेला साप

कोगनोळी नाक्याजवळ भाच्याचा फोन आला, "मामा, आई गेली." गाडी बाजूला घेतली. समोर उसात बगळे उतरत होते आणि ते आक्कानंच काढून सोडलेत असं वाटत राहिलं...

पद्माआक्का माझी थोरली मावसबहीण, निपाणीतली चित्रकलेची निवृत्त बाई. माझं काम बेळगावात फॉण्ट बनवायचं. प्राचीन इजिप्तची चित्रलिपी संगणकावर उमटावी म्हणून काही परदेशी अभ्यासकांनी रेखाटनं मागितली, तेव्हा मी सरळ तिच्याकडं गेलो. प्रत्येक चिन्हाला जगभर एकच क्रमांक असतो. तो संगणकाला दिला की पडद्यावर दिसणारं चित्र आक्कानं काढायचं. घुबड, बदक, पाण्याची लाट... तिला येडच लागलं. पाखरांची तोंडं ज्या बाजूला, तिकडून ती लिपी वाचायची, हे कळल्यावर म्हणाली, "व्हय? म्हंजे त्यांच्या सामोरं जायाचं. लई शाणी माणसं रं!" आम्ही जैन. ती दिवस मावळायच्या आत जेवायची आणि त्याआधी संगणक बंद. एकही चिन्ह सोडायचं न्हाय, ही तिची जिद्द.

पण एक अडलं. पाठीत सुऱ्या खुपसलेला साप. थडग्यातल्या माणसाला डसू नये म्हणून ते लोक चित्रातल्या सापालाही मारून ठेवत. आक्कानं साप काढला, फार देखणा. सुऱ्या काही काढेना. मी चिडलो, "अगं, चित्रातला साप त्यो!"

"त्यांनी जित्ता समजूनच मारला न्हवं? मग मी नुसतं चित्र कसं समजू?"

कप्पाळ माझं! पण काम अपुरं राहिल्याचं तिलाही सलायचं. दवाखान्यातसुद्धा विचारायची, "त्याचं काय केलंस रं?"

गेल्या आठवड्यात अभ्यासकांचा निरोप आला, शेवटचं चिन्ह तुम्हीच पुरं करा. निपाणीला तिच्या खोलीत गेलो. भिंतीवर चिकटवलेली पाखरं सगळी दाराकडं तोंड करून, म्हणजे माझ्याकडंच. तिच्या खुर्चीत बसून तिच्याच संगणकावर सापाच्या पाठीत सुऱ्या रेखाटल्या. आक्काचं काम पुरं झालं... आणि मला रडू फुटलं. भिंतीवरचं ऊन बदकांवरून हळूहळू खाली उतरत होतं. आतून आक्काच्या सूनबाईची हाक आली, "मामा, जेवून घ्या, दिवस मावळतोय."

सुऱ्या पुसल्या. साप तिच्या संगणकातच ठेवला आणि अभ्यासकांना कळवलं, ही जागा रिकामी राहील. आता आमच्या फॉण्टात तो क्रमांक दिला की नुसती चौकट दिसते. बघणारे म्हणतील, काहीतरी चुकलं. म्हणू देत. आक्काचा साप निपाणीत जित्ता आहे.