दुर्गाघाटाची माउंटन बाइक राजदरीला जाते

दुर्गाघाटावरच्या आमच्या गल्लीत समोरून बैल आला, की माणसाने गुपचूप जवळच्या दुकानाच्या पायरीवर चढायचं असतं. अशा गल्लीत राहून मी माउंटन बाइक घेणार म्हटल्यावर शेजारी हसले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण राजदरीचा धबधबा सायकलने गाठायचा हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. काशीत जन्मले, चाळिशी उलटली, शाळेत भूगोल शिकवते, आणि विंध्याचे डोंगर आजवर फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेले.

खरी अडचण सायकलची नव्हती, अप्पांची होती. अप्पा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर याच गल्लीत त्यांनी मुलांना वेदपठणाची संथा दिली. घरात आम्ही दोघंच. मी एक रात्र बाहेर राहणार म्हटल्यावर त्यांचं जेवण कमी झालं. शेवटी हो म्हणाले, पण एका अटीवर. दसऱ्याला सायकलची पूजा ते स्वतः करतील, मगच ती गंगेपलीकडे जाईल. मी लगेच कबूल केलं.

सायकल निवडायला माझी मैत्रीण अनघा सोबत होती. ती मूळची कोल्हापूरची, बँकेत बदली होऊन इथे आलेली आणि सायकलवेडी. दुकानात माझा जीव एका लाल सायकलीवर जडला. पुढे-मागे जाडजूड स्प्रिंगा, रुबाब तर विचारू नका. अनघाने मला ती नुसती उचलायला लावली आणि म्हणाली, आता ही रोज तुमच्या जिन्यावरून वर नेऊन दाखव. तिच्या मते स्वस्त सायकलीतली मागची स्प्रिंग म्हणजे फुकटचं वजन, वर पेडलची निम्मी ताकद तीच खाते. मग फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, ॲल्युमिनियमची, वीस हजारांच्या थोडी वर जाणारी राखाडी सायकल घेतली.

नवख्यांसाठी तिचा सल्ला इथेच लिहून ठेवते. पैसे फ्रेमवर घाला आणि ती आपल्या उंचीला बसते का ते स्वतः चालवून पाहा, कारण बाकी बहुतेक सगळं नंतर बदलता येतं. मागच्या चाकावर कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा सुटा संच, बसवायची सोय आहे ना, हे विचारून घ्या. असली तर नंतर जास्त गिअर लावता येतात. डिस्क ब्रेक सुरुवातीला तारेचे चालतात. हायड्रॉलिक ब्रेक हौस टिकली तर.

दसऱ्याला अप्पांनी दारात सायकल पुसली, झेंडूची माळ घातली, हँडलवर स्वस्तिक काढलं. चाकांच्या मधल्या चकचकीत डिस्क त्यांना फार आवडल्या. त्या गुळगुळीत लोखंडावर ओलं कुंकू टिकेना, म्हणून त्यांनी ते तिळाच्या तेलात कालवलं आणि दोन्ही डिस्कवर मन लावून ठिपके दिले. मी कौतुकाने फोटो काढत होते. हँडल सोडलं तर बाकीचं कुंकू मी दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसून टाकलं.

पुढच्या शनिवारी पहाटे अनघा आणि मी निघालो. राजघाटचा पूल ट्रकांची गर्दी व्हायच्या आत ओलांडा, हे महत्त्वाचं. मुगलसरायनंतर रस्ता मोकळा होतो आणि दोन्हीकडे भाताची शेतं लागतात. ब्रेक दाबला की किंचाळायचे, पण नवे आहेत, रुळतील, असं मी अनघाला सांगून टाकलं. चंदौलीच्या पुढे एका टपरीवर लिट्टी, म्हणजे सत्तू भरून गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, आणि वांग्याच्या भरतासारखा चोखा खाल्ला. टपरीवाल्याने आमच्या सायकली न्याहाळल्या आणि विचारलं, "दीदी, पैसा लगाके पैदल काहे चल रही हैं?" तेव्हा आम्ही खरोखरच सायकली ढकलत आलो होतो, कारण माझी मांडी आखडली होती. मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी, चकियाला एका साध्या लॉजवर केला. खोली स्वच्छ होती, पाणी मात्र गार.

रविवारी सकाळी जंगलाच्या फाटकावर तिकीट काढून चढायला लागलो. सगळ्यात हलका गिअर लावून, धापा टाकत, मधे दोनदा उतरून वर पोचले. पायऱ्यापायऱ्यांनी कोसळणारं पाणी समोर आलं आणि मला रडू फुटलं. इतकी वर्षं हे एवढ्या जवळ होतं.

उतरताना मात्र जीव मुठीत धरावा लागला. वळणावर दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल थांबेचना. मी सरळ झुडपात घुसले आणि गुडघा सोलून निघाला. अनघाने डिस्क बोटाने पुसली आणि बोट नाकाशी नेलं.

"तिळाचं तेल? अगं, इथे तेल कुणी लावलं?"

मग तिचं तिलाच आठवलं, तिने पूजेचे फोटो पाहिले होते. तेलाचा एक थेंबसुद्धा ब्रेकच्या पॅडमध्ये मुरला की पकड जाते, म्हणाली. उतार पायी उतरलो. चकियात औषधाच्या दुकानातून स्पिरिट घेऊन डिस्क पुसल्या, पॅड पॉलिशपेपरने घासले आणि सपाट रस्त्याने हळूहळू परतलो. घरी आल्यावर पॅड बदलावेच लागले. तो खर्च किरकोळ आहे.

परतीच्या वाटेवर मी फक्त अप्पांचा विचार करत होते. सांगितलं तर त्यांना वाटेल, आपल्याच हाताने मुलीला पाडलं. मग सायकल कायमची कोपऱ्यात जाईल आणि त्यांचा हातही पूजेच्या ताटाकडे कचरेल. न सांगावं, तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच. अनघा म्हणाली, पाय घसरला म्हणून सांग. मला ते पटत होतं, म्हणून जास्तच वाईट वाटत होतं.

अप्पा दारातच उभे होते. गुडघ्याकडे पाहून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ते सायकलीकडे वळले आणि तिचं हँडल धरलं. मला वाटलं, संपलं.

"संथेत पोरगा चुकला की मी तिथंच थांबवतो," ते म्हणाले. "चूक पक्की झाली तर जन्मभर निघत नाही. तू सांगितलंस, ठीक केलंस. आता बता, तेल कुठं लावायचं नाही?"

मी डिस्क दाखवली, पॅड दाखवले, ब्रेक दाबल्यावर काय होतं ते दाखवलं. त्यांनी ते सगळं, विद्यार्थी म्हणतात तसं, माझ्यामागे म्हणून दाखवलं.

पुढच्या रविवारी मी सारनाथला निघाले. अप्पा न बोलावता जिना उतरून खाली आले. हँडलवर कोरड्या कुंकवाचं बोट टेकवलं, मग दोन्ही ब्रेक घट्ट दाबले आणि अंगातला सगळा जोर लावून सायकल पुढे रेटली. ती जागची हलली नाही.

"जा आता," ते म्हणाले.