आधी सी लावलेली ओळ

उत्तम गेल्याचा फोन हेडमास्तरांच्या खोलीत आला, तेव्हा मी पाथरीच्या शाळेत नववीला गणित शिकवत होतो. विद्यापीठाचं नाव बदलून महिनाही झाला नव्हता. छत्तिसाव्या वर्षी हृदय बंद पडतं, यावर माझा विश्वासच बसेना. दहाव्या दिवशी परभणीला गेलो, तर सुशीलावहिनींनी कागदांचं एक जाड बाड पुढं केलं. "भाऊजी, यांनी सांगून ठेवलं व्हतं, हे माधवलाच द्या म्हणून." आता मला त्या बाडाबद्दलच लिहायचं आहे, कारण गेले काही आठवडे मला ते झोपू देत नाही.

ताडकळसजवळच्या एका खेड्यात आम्ही एका बाकावर शिकलो. मी जमीनवाल्यांचा, तो बौद्धवाड्यातला. नामांतराच्या दंगलीत जमाव त्यांच्या वस्तीत शिरला, तेव्हा उत्तम परभणीच्या वसतिगृहात होता आणि घरात तापानं फणफणलेली त्याची आई, गिरजामाय, एकटीच होती. तुराट्यांच्या कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर. धूर दिसला तेव्हा मी आमच्या ओसरीवर होतो. चुलता दरडावला, "न्हाई जायचं तिकडं! आपल्याला काय करायचंय?" मी उभा राहिलो. चांगली दहा मिनिटं उभा राहिलो. मग पळालो, वाट पाच मिनिटांची. दाराला बाहेरून कडी घातलेली होती, ती काढली... गिरजामाय दाराशीच होती. धुरानं जीव गेला होता. हे सगळं मी उत्तमला नंतर सांगितलं, दहा मिनिटांसकट. तो एवढंच म्हणाला, "चहा घे."

पुढं तो परभणीच्या एका कॉलेजात शिकवू लागला. तिथं संगणक आला आणि त्याच्यासोबत आग कशी पेटते, धूर कुठं साचतो याचा हिशेब करणारा एक परदेशी प्रोग्राम आला. कुणीही आतला मजकूर वाचावा, बदलावा, पुढच्याला द्यावा, अशी मुभाच होती. कापसाची पऱ्हाटी जाळणारी कमी धुराची चूल बनवायची म्हणून उत्तम त्यात बदल करायचा. रविवारी मी जायचो. तो आकडे वाचायचा, मी ताडून बघायचो. त्याची शिस्त कडक. जुनी ओळ कधी पुसायची नाही, तिच्या आधी नुसता इंग्रजी सी लावायचा; संगणक तिला ओलांडून पुढं जातो, पण माणसाला ती दिसत राहते. खाली नवी ओळ, आणि शेजारी बदलाचं कारण. "मागून येणाऱ्याला कळाय पायजे, आपण काय केलं ते," म्हणायचा. मी त्याला चिडवायचो, लग्नाच्या याद्यासुद्धा तू अशाच करत असशील.

एका रविवारी त्यानं त्या प्रोग्राममध्ये चुलीऐवजी आपलं जळालेलं घर घातलं. मला न सांगता. छापलेला कागद माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाला, "माधवा, धूर भरून जीव जायला चारच मिनटं. तू लगेच निघाला असतास तरी माय जिती गावली नसती. सोड आता." मी त्याच्यासमोर ढसाढसा रडलो. त्या रात्री कित्येक वर्षांनी मला गाढ झोप लागली.

बाडात तो हिशेब आहे. भिंती, दार, छपराची उंची, प्रत्येक बदलाशेजारी कारण. छपरातल्या ओलीची एक ओळ आहे, 'भिजलेलं', आणि तिच्या आधी सी. खाली नवी ओळ: 'कोरडं'. शेजारी कारण नाही, नुसती त्याची सही. घडीत आधीचा एक कागद निघाला, भिजलेल्या छपराचा. त्यावर चौदा मिनिटं आहेत. मी पोचलो होतो पंधराव्या मिनिटाला.

आग लागली तेव्हा पावसाची झड लागली होती. सगळ्या गावाची छपरं गळत होती, म्हणून जमावानं रॉकेल ओतून पेटवलं होतं. मी चिखल तुडवत पळालो होतो. चार मिनिटांचा कागद हातात घेतला तेव्हाही तो चिखल मला आठवत होता, आणि मी पावसाचं नाव काढलं नाही. त्यानंही काढलं नाही. आपल्या आईच्या मरणाचा हिशेब त्यानं माझ्यासाठी खोटा केला, आणि खरी ओळ तेवढी पुसली नाही...

बाड माझ्या टेबलावर आहे. काल पेन्सिल घेतली आणि त्याच्या सहीशेजारच्या रिकाम्या जागेत कारण लिहिलं: 'माधव ओसरीवर उभा होता.'