गोदूच्या हातची तार

जासईकडची मिठागरं भराव टाकून बुजवली, तिथे कंटेनर उभे राहिले आणि गोदूचं मीठ ओढायचं काम सुटलं. २००४ साली ती पनवेलला कमरुद्दीनभाईंच्या कारखान्यात झाडलोटीला लागली. कारखाना कसला, बाजारामागच्या दोन खोल्या! दुबईत वीस वर्षं स्टिरिओ दुरुस्त करून परतलेले भाई तिथे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बनवत. महिन्याला जेमतेम दोन तयार होत. पण गाण्याचे शौकीन पुण्याहून, बंगळूरहून पत्ता शोधत येत.

एकदा अ‍ॅम्प्लिफायरची नवी पेटी सुरू करून भाई खुशीत गाणं ऐकत बसले होते. केर काढता काढता गोदू थांबली.

"भाई, यात माशी घोंगावतेय."

"माशी? कुठे?"

"आतमदी. तुमाला ऐकू नाय येत?"

भाईंनी पेटीला कान टेकवला, मग ती उघडली. ट्रान्सफॉर्मरची तार एका जागी सैल गुंडाळलेली होती.

"या अल्लाह! गोदूताई, तो झाडू ठेवा खाली."

दुसऱ्या दिवसापासून ती तार गुंडाळायला शिकू लागली. केसासारखी तांब्याची तार पहिला महिनाभर तटातटा तुटायची. गोदू चिडायची, पुन्हा सुरुवात करायची. तीन वर्षांत ते सगळं काम तिच्याच हाती आलं. धंदा वाढला, मोठा गाळा घेतला, गावातल्या चारजणींना तिने तयार केलं. जर्मनीच्या एका गिऱ्हाइकाने पत्रातून विचारलं, ट्रान्सफॉर्मर कुठून मागवता? भाईंनी उत्तरात गोदूचा फोटो पाठवला.

२०१२ साली पाचशेवी पेटी झाली. भाई म्हणाले, "आज ऐकायला खुर्चीत तुम्ही बसा. काय लावू?"

गोदूने पिशवीतून जुनी कॅसेट काढली. तिच्या लग्नातली. तिची आई गावोगावच्या लग्नांत धवले गायची. तिला जाऊन दहा वर्षं झाली होती. कॅसेट फिरू लागली आणि आईचा आवाज समोर बसल्यासारखा आला.

"आयच्या बांगड्या वाजतात!" गोदू ओरडली. "आनि ह्यो बा खोकला!"

डोळे पुसता पुसता ती एकदम हसत सुटली.

"काय झालं?"

"आय सुराला चुकली हो इथं! जलमभर सांगायची, मी कदी चुकले नाय!"

भाईही पोट धरून हसू लागले. हातातलं काम टाकून चौघीजणी धावत आल्या, आणि सगळ्यांनी मिळून कॅसेटची दुसरी बाजूही ऐकली.